नाना चौकोन वाचतात

सिंदी मेघे, वर्धा
९ जुलै २०२५

चि. मिहू,

ताईचे भरपूर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्या घरात ज्याला ठीक म्हणायची पद्धत आहे तसं. नानांचा बीपी ताब्यात आहे, तुझ्या भाऊजींचा गुडघा ताब्यात नाही, आणि मला निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सकाळी ऑफिसची वेळ झाली की हात आपोआप पर्सकडे जातो. जिल्हा परिषदेत जन्मभर टायपिंग केलं त्याचा परिणाम. भाजी निवडता निवडता बोटं परातीवर टकटक करत असतात आणि भाऊजी विचारतात, "काय आदेश काढून राह्यली?"

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हं ताई, बोल" म्हणतोस आणि मागे तुझा कीबोर्ड वाजत असतो. तो आवाज मला नको शिकवूस. शिवाय आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. आतल्या खोलीत बोललेलं बाहेरच्या खोलीत नाना ऐकतात. फेब्रुवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला, पण कान पहिल्यापेक्षा तिखट झालेत. म्हणून पत्र. बंगलोरला तीन-चार दिवसांत पोचतं असं पोस्टातली बाई म्हणाली, तिच्या तोंडात साखर पडो.

तर तुझं पान पोचलं. तू लिंक पाठवलीस त्याच दिवशी भाऊजींनी तुझ्या जुन्या टॅबवर उघडून दिलं. आता रोज चहा झाला की नानांच्या मांडीवर उशी, उशीवर टॅब, असा थाट असतो. आणि नाना वाचतात, मिहू. मोठ्यानं वाचतात. फेब्रुवारीपासून ज्या माणसानं 'पाणी', 'नको' आणि 'पंखा' यापलीकडे शब्द काढला नव्हता, तो माणूस सकाळी व्हरांड्यात बसून बोलतो. मी तुझ्याहून मोठी आहे म्हणून, नाहीतर तुझे पाय धरले असते.

मला अजूनही ते घंगाळ आठवलं की अंगावर काटा येतो. तुला फोनवर घाईघाईत सांगितलं होतं, नीट सांगितलंच नाही. दवाखान्यातून आल्यावर मी नानांच्या हातात पेपर दिला तर म्हणाले, "हे कोन्या भाषेत छापते आजकाल?" मला वाटलं थट्टा करताहेत. हिंगणघाटच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलेला माणूस, त्याला साधा 'क' ओळखू येईना. डोळे चांगले, जीभ चांगली, फक्त अक्षरं पुसली गेलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचा तेवढाच कोपरा गेलाय. त्या दिवशी नानांनी पेपर सोडला आणि पेपरासोबत बोलणंही सोडलं. शाळेतलं शुद्ध मराठी तर कुठं गेलं कोण जाणे, आता जे काय दोन शब्द निघत ते आजीच्या वऱ्हाडीतले.

मग मे महिन्यात मी माळ्यावरचं आजीचं पितळी घंगाळ काढून चिंचेनं घासत बसले होते. त्याच्या काठावर नाव कोरलेलं आहे, मोडीत. आपण लहानपणी त्याला नक्षी समजायचो, आठवतं? नाना खुर्चीतून बघत होते. त्यांनी डावा हात पुढं केला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रुख्माबाई." त्यांच्या आईचं नाव. माझे हात चिंचेचे तसेच राहिले. आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, त्यांच्या शेजारी बसून लहानपणी गिरवलेली मोडी शाबूत, आणि जन्मभर फळ्यावर लिहिलेली आपली रोजची बाळबोध गेली. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, होतं असं कधी कधी, एक लिपी जाते, दुसरी राहते.

आणि काय रे तुझं डोकं! आपल्या दोघांनाही मोडीतला 'म'सुद्धा येत नाही. पण तू बाळबोधीत लिहायचं, यंत्रानं त्याची मोडी करायची आणि रोज सकाळी ती पानावर यायची, हे तुलाच सुचू जाणे. मोडीची अक्षरंसुद्धा आता कॉम्प्युटरात असतात, प्रत्येकाला आपापला क्रमांक असतो, असं तू म्हणालास तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं. वापरातून गेलेल्यांनाही कुणीतरी घरनंबर दिला म्हणायचा.

सकाळी आमच्याकडे एक वेळ असते. भाऊजी फिरायला गेलेले, दूधवाला येऊन गेलेला, कडुनिंबाची सावली व्हरांड्यात हळूहळू आत सरकत असते, आणि वर्धा स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा लांबून येतो. त्या वेळी नाना वाचतात. डावं बोट काचेवरून फिरवत, मधेच थांबत, मधेच हसत. मी पायरीवर बसून ऐकते. स्वयंपाक राहतो, कुकर राहतो, मला कशाचंच भान राहत नाही. काय वाचतात ते आत्ताच विचारू नकोस. म्हणजे विचार, पण थोडं थांबून विचार. आणि व्हिडिओ पाठव म्हणालास, तो काही जमणार नाही, नानांना कॅमेरा समोर धरलेला आवडत नाही.

बाकी विशेष नाही. पोळा यंदा ऑगस्टच्या बावीसला आहे. त्या सुमारास तुझं काय असतं? सहज विचारलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी
ताई


सिंदी मेघे
३० जुलै २०२५

प्रिय मिहू,

आशीर्वाद. परवाच्या फोनपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू हसत हसत म्हणालास, "ताई, मी रोज तेच ते लिहितो. सुप्रभात नाना, पाणी भरपूर प्या, व्यायाम करा, गोळ्या घेतल्या ना? नाना कंटाळत कसे नाहीत?" आणि मी म्हणाले, "अरे नाही, आवडीनं वाचतात," आणि दूध उतू गेलं असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतं उतू गेलं. गॅसच बंद होता.

आता लिहून टाकते. तुझ्या त्या टॅबवर मोडीचं एकही अक्षर दिसत नाही. पहिल्या दिवसापासून नाही.

चौकोन दिसतात. नुसते रिकामे चौकोन, एकाला एक लागून, ओळीच्या ओळी. पहिल्या दिवशी भाऊजी चष्मा वर करून म्हणाले, "हे मोडी होय का चाळीच्या खिडक्या?" मला मोडी वाचता येत नसली तरी कशी दिसते ते ठाऊक आहे ना, नानांच्या जुन्या वह्यांत कितीदा पाहिली. मग भाऊजींनी त्यांच्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. तिथं एका ब्राउझरात तेच रिकामे चौकोन, आणि दुसऱ्यात चौकोनांच्या पोटात बारीक बारीक आकडे, मुंगीएवढे. अक्षर मात्र कुठंच नाही. फक्त तुझे स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हं तेवढी जशीच्या तशी. चौकोन चौकोन चौकोन, प्रश्नचिन्ह. भाऊजी म्हणाले, अक्षराचा नंबर येऊन पोचतो, पण त्या नंबराचं चित्र आपल्या यंत्रापाशी नसेल तर ते बिचारं काय करणार? पाहुणा येणार म्हणून पाट मांडला, पण पाहुणा कोण ते घरात कुणालाच ठाऊक नाही, तसं.

मी तुला लगेच फोन करणारच होते. मोबाईल हातात घेतला होता, शप्पथ. तेवढ्यात नानांनी टॅब मांडीवर ओढला, पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

"मिहिर लिवते," ते म्हणाले, "का वणेले पूर आला होता, अन् आमी दोघं पुलावर उभे होतो. पोट्टा म्हणे, नाना, हे पाणी कुठी जाते? मी म्हटलं, वर्धेत जाते. वर्धा कुठी जाते? म्हटलं, लय दूर जाते."

मिहू, माझ्या हातून फोन खाली ठेवला गेला. फेब्रुवारीनंतर एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. प्रश्नचिन्हापाशी ते थांबलेसुद्धा, आवाज वर करून, शाळेत थांबायचे तसे. मी काय सांगायला हवं होतं? नाना, तिथं काही नाही, असं? तुला जमलं असतं का?

मग रोजचंच झालं ते. रोज नवे चौकोन, रोज नवं काहीतरी. एके दिवशी वाचलं की तू गिरडच्या टेकडीवरचे ते गोल खडे अजून ठेवले आहेत, बंगलोरच्या कपाटात, मोज्यात घालून. दर्ग्याच्या वाटेवर तू खिसे फाटेस्तोवर वेचले होतेस आणि आईनं घरी येऊन तुझी चड्डी शिवली होती. खरंच ठेवलेत का रे तू? एके दिवशी वाचलं की तुला तिकडे झोप लागत नाही आणि खिडकीतून दिसणारे दिवे तू मोजतोस. आणि एके दिवशी, मी तेव्हा मेथी निवडत होते, त्यांनी वाचलं की आई तुझ्या स्वप्नात येते. डबा भरते, झाकण लावते, पुन्हा उघडते, त्यात आणखी एक पोळी कोंबते. "लिवते, माय काई बोलत नाई," नाना म्हणाले, "नुसती डब्बाच भरते." मी मेथीत तोंड घालून रडले. चार वर्षांत त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं.

आता तू म्हणशील, ताई, हे भ्रम आहेत, डॉक्टरांना सांग. सांगितलं नाही. भीती वाटली की त्या औषध देतील आणि ते थांबेल. मला खरं सांगायचं तर मीही त्या चौकोनांची वाट पाहायला लागले आहे. सकाळी उठून आधी टॅब चार्जिंगला लावते, मग देवापुढे दिवा. त्या व्हरांड्यात अशी सावली पसरलेली असते आणि नाना असे सावकाश, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे बोलतात, की वाटतं आई आत कणीक मळते आहे, तू सायकल घेऊन येशील, आणि मला ऑफिसला उशीर होतो आहे. तेवढ्यात दुधाचं पातेलं पडतं किंवा भाऊजी येतात, आणि मी पुन्हा साठीची होते.

इथपर्यंत मी तुला कदाचित कधीच सांगितलं नसतं. पण मागच्या आठवड्यात नानांनी वाचलं, "मिहिर लिवते, पोळ्याले येतो."

मी विचारलं, "काय लिवते?" त्यांनी परत त्याच चौकोनांवरून बोट फिरवलं. "पोळ्याले येतो. तान्ह्या पोळ्यालेबी राह्यतो. बैल काहाडून ठेवजा."

आणि आता घरात तेच चाललं आहे. तुझा लाकडी बैल भाऊजींकडून माळ्यावरून उतरवून घेतला. एक चाक गेलं होतं, ते कवडू सुताराकडून बसवून आणलं. शिंगांना रंग लावायला मला बसवलं, साठीच्या बाईला. तू लहान असताना त्याला घेऊन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यात पोरांबरोबर मिरवायचास आणि बक्षीस नाही मिळालं की बैलालाच चापट मारायचास, हे त्यांनी कवडूला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. शेजारच्या मेघाताई विचारून गेल्या, "मिहिरभाऊ येऊन राह्यले म्हणे?" मी म्हटलं, "बघू." आणखी काय म्हणणार?

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. आई गेली तेव्हा तू कोविडनं तिकडे खोलीत ऑक्सिजन मोजत पडला होतास. नानांनी, मी, कुणी तुला एका शब्दानं बोल लावला नाही. पण त्यानंतर तू एकदाच आलास, तेही सकाळी येऊन संध्याकाळच्या विमानाला गेलास. आईच्या खोलीत पाय ठेवला नाहीस. मी पाहिलं होतं, तू उंबऱ्यापर्यंत गेलास आणि चप्पल शोधायच्या निमित्तानं फिरलास. तेव्हा काही बोलले नाही, आत्ताही बोलायचं नव्हतं.

तर आता तुझ्या हातात आहे. पान दुरुस्त करता येत असेल तर तुला ते दोन मिनिटांचं काम असेल, मला कळतं. पण करण्याआधी एवढा विचार कर, की पहिल्यांदा खरी अक्षरं उमटतील तेव्हा नाना जे वाचतील ते तू लिहिलेलं असेल. त्यांनी नाही. 'पाणी प्या' लिहू नकोस रे राजा. आणि जमणार नसेल तर पोळा होईपर्यंत ते तसंच बिघडलेलं राहू दे. एवढं माझं ऐक.

तुझी
मीराताई


सिंदी मेघे
१३ ऑगस्ट २०२५

मिहिर,

आशीर्वाद आहेतच. रागही आहे.

माझ्या एवढ्या लांबलचक पत्राला तुझं उत्तर काय आलं? मेसेज. "ताई, सॉरी, चूक माझी. माझ्या मशीनवर मोडीचा फाँट टाकलेला होता म्हणून मला सगळं दिसत होतं, दुसऱ्या मशीनवर तपासलंच नाही. आता फाँट पानासोबतच पाठवलाय. रिफ्रेश कर." बास. मला काय करायला सांगतोस, रिफ्रेश? तू अभियंता असशील बंगलोरचा, पण शहाण्या, तुला मी ढुंगण धुवून मोठं केलंय.

केलं रिफ्रेश. काय करणार? नाना समोर उशी घेऊन बसले होते.

आधी चौकोन थरथरले. मग पान क्षणभर पांढरं झालं, आणि मग वरून एक सलग काळी रेघ, आणि रेघेखाली अक्षरं. गोल, वाकडी, एकमेकांच्या हातात हात घातलेली. भाऊजीसुद्धा म्हणाले, "वा!" खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतात.  हजारो घरांत हे कुणाला वाचता येत नाही, कुणाच्या यंत्रात ते नाही, आणि आपल्या व्हरांड्यात, कडुनिंबाखाली, सकाळच्या उन्हात ती अक्षरं येऊन उभी. मी नानांच्या तोंडाकडे बघत होते.

नानांनी बोट ठेवलं आणि वाचलं. सावकाश, एकही अक्षर न चुकता. आवाज वेगळाच होता, पाठ म्हणून दाखवतात तसा. "नाना, सुप्रभात. यंदा पोळ्याला जमणार नाही. ऑफिसमध्ये मोठं काम आहे. दिवाळीला नक्की बघतो. तब्येतीची काळजी घ्या."

संपलं. त्यांनी खाली आणखी काही आहे का ते पाहिलं. मग टॅब उशीवर पालथा ठेवला.

दोन दिवस असेच गेले. बोलले नाहीत. बैल व्हरांड्यात होता, त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मला वाटलं, गेलं, जे चार शब्द परत आले होते तेही गेले. तुझा इतका राग आला की तुझा फोटो मी पालथा घातला, मग पुन्हा उभा केला, आईच्या शेजारचा आहे म्हणून.

काल सकाळी मला राहवलं नाही. मी नानांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, नाना, चूक माझी आहे. आधी ते यंत्र बिघडलेलं होतं. तुम्ही वाचत होता तिथं मिहिरनं तसलं काही लिहिलं नव्हतं. तिथं अक्षरंच नव्हती. मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

 नाना म्हणाले, "चौकटी होत्या नुसत्या."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"चौकटी. रिकाम्या. मले काय दिसत नव्हत्या का? अक्षर गेलं माया डोक्यातून, अक्कल नाई गेली."

 म्हटलं, "मग नाना, वाचत काय होता तुम्ही इतके दिवस?"

"वाचून कोन राह्यलं होतं?" ते म्हणाले. "तुले सांगून राह्यलो होतो. तू त्याले पत्र लिवतं नं. मनात म्हटलं, लिवशीन."

मी ओरडलेच. भाऊजी आतून धावत आले. म्हटलं, "अहो मग सरळ सांगायचं ना! मीरा, मिहिरला बोलाव, एवढं म्हणायला काय झालं होतं? पूर काय, खडे काय, स्वप्न काय! मी वेडी होऊन राह्यले इथं!"

 बाहेर कुणीतरी भाजीचा ठेला ढकलत गेला, त्याची हाक पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली. मग ते बोलले, आणि मी जसं ऐकलं तसं लिहिते आहे. "पोराले कसं म्हणाव, ये म्हून? त्याची माय गेली तवा त्याले येता नाई आलं. त्याच्या मनात ते बसलं हाय. मी आता ये म्हटलं, तं त्याले वाटन, नाना तेच उकरून राह्यला. म्हून मी म्हटलंच नाई. चौकटी दिसल्या रिकाम्या, तं त्याच्याच तोंडून वदवलं."

चार वर्षं. तू तिकडे समजून बसलास की नाना तुला माफ करत नाहीत, आणि नाना इकडे समजून बसले की हाक मारली तर तुला लागेल. आणि मधे मी, रोज दोघांना 'जेवला का' विचारणारी. मला तुम्हा दोघांनाही धरून बदडावंसं वाटलं. मग नानांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. भाऊजी म्हणाले, "चहा ठेवतो," आणि आत जाऊन नाक शिंकरत राहिले.

रडून झाल्यावर म्हटलं, नाना, आता तरी म्हणा. मी लिहून घेते. त्याच्या तोंडून नाही, तुमच्या तोंडून. ते नको नको म्हणाले. मी पॅड आणि पेन घेऊन समोर बसले ते हललेच नाही. अर्धा कप चहा तसाच थंड झाला.

मग त्यांनी सांगितलं. दोनदा अडखळले, एकदा 'राहू दे' म्हणाले, पण सांगितलं. पुढचं माझं नाही. मी यात काना-मात्रा बदललेली नाही आणि माझ्याकडून एक शब्दही घातलेला नाही.

मिहिर, बापा, पोळ्याले येजो. पोळ्याले नाई जमलं तं त्याच्या मंग येजो, पन येजो. मायच्या खोलीत नको जाऊ, मायाजवळ व्हरांड्यात बसजो. मी कवाचा तुले बलावून राह्यलो.

तुझा
नाना

(हात ताईचा)